विचित्र म्हटलं की सुटलो

आमच्या बेळगावकडच्या वर्तमानपत्रांत अपघाती मरणाला तीन-चारच मथळे ठरलेले आहेत. ‘काळाचा घाला’, ‘दुर्दैवी अंत’, ‘विचित्र अपघातात मृत्यू’, आणि कुणी वाचलाच तर ‘दैव बलवत्तर म्हणून बचावला’. बातमी खानापूरची असो, निपाणीची असो नाहीतर अथणीची, यातला एक मथळा तिला बसतोच. आपणही वाचून चुकचुकतो, कपात उरलेला चहा संपवतो आणि पान उलटतो. या चारांपैकी ‘विचित्र’ या शब्दाशी माझं भांडण आहे. काळ आणि दैव हे निदान उघडउघड देवाच्या खात्यावरचे शब्द. ‘विचित्र’ मात्र साळसूद. चौकशी झाल्याचा आव आणतो आणि तिथेच चौकशी मिटवून टाकतो.

हे शहाणपण मला वाचून आलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी सुगीत माझी चुलत वहिनी मळणी मशीनमध्ये सापडून गेली. सोयाबीनची मळणी चालली होती. दिवस कलला होता, थोडकाच ढीग उरला होता आणि मशीन पुढच्या खळ्यावर जायची घाई होती. मशीनच्या पट्ट्यावर आणि पुलीवर पत्र्याचं झाकण असतं. ते काढून ट्रॉलीत टाकलेलं होतं, कारण झाकण असलं की आत भूस साठतं, मग मशीन थांबवून साफ करत बसावं लागतं. वहिनीने पदर कमरेला घट्ट खोचला होता, डोक्याला टॉवेल बांधला होता. भूस ओढायला ती वाकली आणि टॉवेलचं सुटलेलं टोक पट्ट्याने धरलं. ट्रॅक्टर बंद करायला माणूस चार पावलांवर होता. तीही पुरली नाहीत. याहून जास्त मी लिहिणार नाही.

पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली ती मी. शाळेत सक्तीने शिकलेलं कन्नड मला अक्षर लावून वाचता येतं, पण पोलिसी कन्नड म्हणजे वेगळंच प्रकरण. ‘असहज सावु’ या दोन शब्दांपाशी मी थबकलो. सावु म्हणजे मरण. असहज म्हणजे तिथे अनैसर्गिक. आपल्याकडे हल्ली अवघडून बसलेल्या माणसाला असहज म्हणतात, आणि त्या घडीला मी तसाच बसलो होतो. पुढे एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच निघाला, ‘आकस्मिक’. तो कानावर पडताच सगळ्यांनी माना डोलावल्या. झाकणाचा उल्लेख कुठे दिसेना म्हणून मी विचारायला तोंड उघडलं, तर थोरल्या काकांनी माझा हात दाबला. “सोड की रे. मशीन कुणाचं हाय बघ जरा.” मशीन भावकीतलंच होतं. मी सही केली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं, ‘मळणी यंत्रात अडकून महिलेचा विचित्र मृत्यू’.

त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘इतिहासातले विचित्र मृत्यू’ अशी यादी टाकली. हसणाऱ्या बाहुल्यांचा खाली ढीग. ग्रीक नाटककार एस्किलस याच्या टकलाला दगड समजून गरुडाने वरून कासव टाकलं आणि तो मेला, इ.स.पू. ४५५. तत्त्वज्ञ क्रिसिपस याने गाढवाला अंजीर खाताना पाहिलं, ‘आता याला वर दारूही पाजा’ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता गेला. हुमायून बादशहा दिल्लीत आपल्या ग्रंथालयाचा जिना उतरताना १५५६ साली पडला. इझाडोरा डंकन या नर्तिकेच्या गळ्यातला लांब स्कार्फ १९२७ साली फ्रान्समध्ये मोटारीच्या चाकात गुंतला. यादी मजेशीर होती, नाही म्हणत नाही. एरवी मीही हसलो असतो. पण त्या दिवशी डंकनबाईंच्या ओळीवर डोळा अडकला आणि मी यादी पुन्हा वाचायला घेतली, हसण्यासाठी नाही.

मग लक्षात आलं की या यादीत दोन जातीची माणसं एका पंगतीला बसवली आहेत. कासवाची गोष्ट आपल्याला सांगणारे रोमन लेखक एस्किलसनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी झाले. गाढवाची गोष्ट ज्याच्या ग्रंथात आहे तो क्रिसिपसनंतर चारेकशे वर्षांनी. यांना आख्यायिका म्हणावं आणि खुशाल हसावं. हुमायून आणि डंकन मात्र खरोखर तसेच मेले, आणि त्यांच्या मरणात चमत्कारिक असं काहीच नाही. अरुंद उंच पायऱ्या आणि पायात येणारा घोळदार झगा. उघडं चाक आणि वाऱ्यावर उडणारं कापड. बादशहाचा झगा, नर्तिकेचा स्कार्फ, वहिनीचा टॉवेल. एका रांगेत ठेवून बघा, विचित्रपणा कुठल्या कुठे जातो.

यादीत आणखी दोन नोंदी होत्या, आणि माझं सगळं म्हणणं त्या दोघींच्या मधोमध उभं आहे. पहिली १८१४ सालची, लंडनची ‘बिअरचा पूर’. दुसरी १९१९ सालची, अमेरिकेतल्या बोस्टनची ‘मळीचा पूर’.

लंडनच्या सेंट जाइल्स या गरीब वस्तीला लागून म्यूक्स कंपनीची बिअरची भट्टी होती. तिथे बावीस फूट उंचीचं लाकडी पिंप. बैलगाडीच्या चाकाला धाव असते तशा लोखंडी कड्यांनी ते आवळलेलं. १७ ऑक्टोबर १८१४ च्या दुपारी त्यातलं एक कडं निसटलं. कारकुनाने ते पाहिलं, वरच्याला सांगितलं, ‘काही होत नाही’ असं उत्तर मिळालं, आणि कडं नंतर बसवून घ्यावं अशी चिठ्ठीही त्याने लिहिली. तासाभरात पिंप फुटलं. मागची भिंत कोसळली आणि बिअर तळघरांतून, खोल्यांतून घुसली. आठ जण मेले, सगळी बायका-मुलं. त्यातले पाच जण एका दोन वर्षांच्या पोराच्या मयताला जमलेले होते. लोक फुकटची बिअर ढोसून मेले असं या यादीत हमखास लिहिलेलं असतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत तसलं काही नाही. ते मागाहून हसण्यासाठी घुसडलेलं. चौकशीला बसलेल्या ज्यूरीने निकाल दिला की ही माणसं अपघाताने आणि दुर्दैवाने मेली. म्हणजे आपलाच मथळा. कंपनीला एक पैसा भरावा लागला नाही. उलट वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला सुमारे ७,२५० पौंडांचा कर सरकारने तिला परत दिला.

बोस्टनची गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. मळी म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळा चिकट पाक, हे इथे पोरांनाही ठाऊक असतं. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्याने गेलं की तो वास कपड्यांत बसतो. तर तिकडे गोदीजवळच्या वस्तीत पन्नास फूट उंच आणि नव्वद फूट रुंद अशी मळीची लोखंडी टाकी उभी केली होती. टाकी बांधून घेणाऱ्या माणसाला नकाशा वाचता येत नव्हता. पाणी भरून टाकी तपासायची असते, तर ती सहा इंच पाण्यावर तपासली. टाकी पहिल्यापासून गळायची. वस्तीतली पोरं डबे घेऊन ती गळकी मळी भरून न्यायची. कंपनीने काय करावं? टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसायला नकोत. १५ जानेवारी १९१९ रोजी टाकी फुटली, पंचवीसेक फूट उंचीची लाट रस्त्यात घुसली, एकवीस माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. कंपनी म्हणाली, अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. इथेही प्रकरण मिटलं असतं. पण लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं साक्षी झाल्या, पत्र्याची जाडी मोजली गेली, आणि १९२५ साली निर्णय आला की बॉम्बबिंब काही नव्हता, टाकीच कमकुवत होती. कंपनीला ६ लाख २८ हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. त्यापुढे असली बांधकामं अभियंत्याच्या सहीशिवाय होईनाशी झाली.

फुटलेलं भांडं दोन्हीकडे होतं, आधी मिळालेला इशाराही दोन्हीकडे होता. लंडनने दुर्दैव म्हटलं, तिथे गोष्ट गोठली. बोस्टनने पत्रा मोजला.

आता आपल्याकडे या. मळणी मशीन हे भारताच्या संसदेला १९८३ सालीच धोकादायक वाटलं होतं. ‘धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा’ त्या साली झाला तो मुख्यतः शेतातल्या मळणी यंत्रांसाठीच. यंत्र कसं असावं, चालवताना काय काळजी घ्यावी, त्यावर काम करणारा मेला किंवा हातपाय गमावून बसला तर भरपाई कुणी द्यावी, हे सगळं त्यात आहे. आज चाळीस वर्षं झाली. वहिनी गेल्यावर मी गावात बऱ्याच जणांना विचारलं, मशीनवाल्यालाही. कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. मीही नव्हतंच ऐकलं. मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी जी जाळी असते, जिला आपण साडी गार्ड म्हणतो, तीही शोभेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक तरी झाकलेलं पाहिजे. पोरं गाडी घरी आणली की पहिल्या रविवारी ती जाळी काढतात, गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून. मग एखादी आई ओढणीसकट रस्त्यावर येते आणि मथळा तयार असतो.

सगळ्यात ठळक उदाहरण बोअरवेलचं. २०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. पन्नासहून जास्त तास प्रयत्न चालले. यंत्रं आली, पथकं आली, शेजारी समांतर खड्डा खणला, मध्ये खडक लागला. मुलगी मेलेलीच बाहेर आली. त्या दिवसांत आमच्या गल्लीतही रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असायचे. बायकांनी देव पाण्यात घातले होते, मराठी घरांत काय आणि कन्नड घरांत काय. पण त्याच्या सात वर्षं आधी, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हेच मरण टाळायचं कसं ते बारकाव्यानिशी लिहून दिलं होतं. बोअर मारण्याच्या पंधरा दिवस आधी अधिकाऱ्यांना कळवायचं, काम चालू असताना भोवती काटेरी तार आणि फलक, बोअरच्या तोंडात बसवलेल्या केसिंग पाइपभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून नाहीतर बोल्टने आवळून, आणि बोअर सोडून दिली तर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरायची. अर्ध्या दिवसाचं काम. झुंजरवाडच्या पोरीच्या मरणाला कुणी विचित्र म्हणालं तर त्याला हा कागद दाखवावा. ज्या मरणासाठी नियम आधीच छापून तयार असतो, ते विचित्र कसं? पुन्हापुन्हा होतं म्हणूनच तर नियम करावा लागला.

यावर शेतकरी जे म्हणतो ते मी ऐकलेलं आहे आणि ते खोटं नाही. तमिळनाडूच्या नंबरची बोअरची गाडी रात्री येते, फुटामागे पैसे मोजून घेते, आणि चारशे फुटांवर नुसता धुरळा निघाला की पहाटे निघूनही जाते. शेतकऱ्याच्या अंगावर कर्ज राहतं. तो निदान केसिंग पाइप उपसून काढतो, पुढच्या बोअरला नाहीतर विकायला. भोक उघडं पडतं ते तिथे. त्यावर पोतं टाकतो, पोत्यावर दगड. पावसाळा गेला की पोतं कुजतं. या माणसाला गुन्हेगार ठरवून आत टाकलं तर पुढचा शेतकरी भोक बुजवणार नाही, लपवेल. म्हणून मला वाटतं, झाकण बसवायची जबाबदारी गाडीवाल्यावर हवी. झाकणाशिवाय गाडी शेतातून हलता कामा नये, आणि झाकणाचा खर्च फुटाच्या भावातच धरलेला असावा. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात, इंडी तालुक्यातल्या लच्याणला २०२४ च्या एप्रिलमध्ये दोनेक वर्षांचं पोर असंच पडलं, पण फार खोल गेलं नव्हतं आणि वीसेक तासांनी जिवंत वर आलं. सगळ्या राज्याने आनंद केला. मीही केला. पण भोकं त्यानंतर किती बुजली, यावर टीव्हीने एक रात्र काही जागवली नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो, आणि ते आमच्याच अंगणात आहे. ‘विचित्र’ हा शब्द नुसता वर्तमानपत्राचा नाही, तो गावाला हवासा असतो. ‘विचित्र’ म्हटलं की भावकी शाबूत राहते. मशीनवाला पुतण्या, बोअरवाला साडू, कुंपणात रानडुकरासाठी करंट सोडणारा शेजारी, कुणावर केस करायची? उद्या त्याच्याच दारात लग्नाचं आवतण घेऊन जायचं असतं. मग जागेवर दोष जातो. ‘ती विहीरच वाईट’, ‘त्या वळणाने तिसरा बळी घेतला’. इंग्लंडात पूर्वी हे चक्क कायद्यात होतं. ज्या गाडीने, बैलाने, चाकाने माणूस मेला ती वस्तूच दोषी धरून तिची किंमत जप्त करायची. आगगाड्या आल्या, माणसं भराभर मरू लागली, इंजिनाची किंमत भरायची म्हणताच मालकांना घाम फुटला, आणि १८४६ साली तो कायदा रद्द झाला. आपण मात्र विहिरीला नारळ फोडून आजही तोच कायदा चालवतो आहोत.

माझ्या सहीचा कागद ज्या कलमाखाली झाला ते पूर्वी फौजदारी संहितेचं १७४ होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे. त्यात शेजारपाजारच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृत्यूचं वरकरणी कारण लिहायचं असतं. वरकरणी, एवढंच. घातपाताचा संशय नसला की कागद वर जातो आणि फाइल झोपते. तिला कुणी उठवत नाही, कारण उठवलं तर कुणाला तरी शिक्षा होईल या भीतीने सगळेच गप्प. कारण शोधणं आणि शिक्षा करणं या दोन गोष्टी आपण एकाच दोरीने बांधल्या आहेत, ती गाठ सोडावी असं माझं म्हणणं आहे. इंग्लंडात कॉरोनर नावाचा अधिकारी उघड बसून फक्त ठरवतो की कोण, कधी, कुठे आणि कसा मेला. अपराधी कोण हे ठरवणं त्याचं काम नाही. पण अशीच आणखी मरणं होतील असं दिसलं तर तो संबंधित खात्याला लेखी कळवतो, त्यांनी ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तो पत्रव्यवहार लोकांसमोर ठेवला जातो. तिथेही सगळं सुरळीत चालतं असं नाही. तरी निदान झाकण काढलेलं होतं हे एक वाक्य कुठेतरी लिहिलं जातं.

आमच्यासाठी इंग्लंडहून कुणाला आणायची गरज नाही. ग्रामसभा आहे, पीडीओ म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी आहे, पंच आहेत. तालुक्यात अपघाताने मेलेल्या प्रत्येक माणसाचं कारण, दोषी कोण ते न लिहिता, पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. काय उघडं होतं, काय झाकायला हवं होतं, ते झाकलं का. आणि ते लोकांच्या भाषेत वाचावं. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे केंद्राने जुनंच मान्य केलेलं तत्त्व आहे. सीमाभागात आपण ते फलकांसाठी आणि परिपत्रकांसाठी मागतो, त्यासाठी रस्त्यावर येतो. मरणाच्या कागदासाठी आजवर कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. हा मराठी-कन्नडचा वाद करायची मला हौस नाही. पंचनाम्यातलं कन्नड अथणीच्या कन्नड म्हातारीलाही तितकंच परकं आहे. तिलाही ते कुणीतरी साध्या बोलीत वाचून दाखवलं पाहिजे.

आम्ही सीमाभागातले लोक मरणाची तारीख विसरणारे नव्हेत. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या आंदोलनात १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांसाठी १७ जानेवारीला अजून माणसं जमतात, नावं मोठ्याने घेतली जातात. ती माणसं कशाने मेली हे आम्ही कुणालाही ‘आकस्मिक’ म्हणू दिलं नाही. हे जमतं आम्हाला.

यंदाच्या सुगीत मशीन पुन्हा खळ्यावर आलं. तेच मशीन, मालकाचा धाकटा पोरगा चालवत होता. झाकण ट्रॉलीत, पोत्यांच्या खाली. मी म्हटलं, आधी हे बसव. तो म्हणाला, “अण्णा, भूस अडकतंय ओ त्यात.” मी म्हटलं, अडकू दे, थांबवून साफ कर, मी बसतो इथे. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घराच्या ओसरीकडे, जिथे वहिनीची धाकटी मुलगी शेंगा निवडत बसली होती. मग पाना शोधायला गेला. दहा मिनिटं लागली. चारपैकी तीनच बोल्ट सापडले. चौथ्या भोकात त्याने तार ओवली आणि पक्कडीने पिळून आवळली.